२५३० उड्डाणं, ५१९ रणगाडे आणि एक पदक : हान्स-उलरिश रूडेलचं प्रकरण

मराठीत या माणसाबद्दल लिहायला बसलं की पहिली अडचण सर्वनामाची येते. शूर सेनाधिकारी म्हटला की हात सवयीने 'ते' लिहून जातो, मागोमाग 'त्यांनी' आणि 'त्यांचे' आपसूक येतात. हान्स-उलरिश रूडेल शूर होता, यात वाद नाही. दुसऱ्या महायुद्धात जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ले करणारा त्याच्याइतकी उड्डाणं केलेला दुसरा वैमानिक सापडत नाही. जर्मनीने त्याला जे पदक दिलं ते दुसऱ्या कोणालाही मिळालं नाही. तरीही मी त्याला 'तो' म्हणणार आहे. का, ते प्रकरण पुढे सरकेल तसं दिसेल.

लष्करी इतिहास वाचणाऱ्या मंडळींत रूडेलचं नाव साधारण दोन प्रकारे निघतं. काहीजण त्याच्या आकड्यांची आरती करतात: इतकी उड्डाणं, इतके रणगाडे, तीसदा विमान पडलं तरी जिवंत. काहीजण 'नाझी होता' एवढं म्हणून पान उलटतात. मला दोन्ही अपुरं वाटतं. त्याचे आकडे तपासायला हवेत, त्यांतला कोणता कसा तयार झाला ते समजून घ्यायला हवं, आणि ज्या लढाईत ते मिळवले ती कशासाठी चालली होती, हेही त्याच बैठकीत पाहायला हवं. आकडे आधी आणि नैतिकता नंतर, अशी वाटणी केली की हे प्रकरण हातातून निसटतं.

दूध पिणारा शिकाऊ वैमानिक

रूडेलचा जन्म २ जुलै १९१६ चा, सायलेशियातल्या कोनराड्सवाल्डाऊ गावचा. हा भाग आज पोलंडमध्ये आहे. वडील लुथरन पंथाचे धर्मोपदेशक. अभ्यासात यथातथा, खेळात मात्र पुढे. १९३६ मध्ये तो जर्मन हवाईदलात दाखल झाला आणि १९३८ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथल्या स्टुका या बॉम्बफेकी विमानांच्या तुकडीत गेला.

तिथे त्याचं जमलं नाही. सूर मारून बॉम्ब टाकण्याचं तंत्र त्याच्या अंगवळणी पडायला वेळ लागला. शिवाय तो दारू पीत नसे, सिगारेट ओढत नसे, मेसमध्ये दूध मागवी आणि मोकळा वेळ मिळाला की पळायला जाई. जर्मनमध्ये फसफसणाऱ्या पाण्याला 'श्प्रूडेल' म्हणतात, तेव्हा सहकाऱ्यांनी 'रूडेल-श्प्रूडेल' असं यमक जुळवून टाकलं. वरिष्ठांचंही मत फारसं चांगलं नव्हतं. त्याला टेहळणीच्या प्रशिक्षणाला धाडलं आणि १९३९ ची पोलंडची मोहीम त्याने टेहळणी विमानातून पाहिली. पुढे तो स्टुकाकडे परतला खरा, पण मे १९४१ मध्ये क्रीटवर सोबती रोज हल्ल्याला जात होते तेव्हा हा जमिनीवरच होता. त्याच्यावर अजून कोणी विश्वास टाकायला तयार नव्हतं.

स्टुकाचं त्याचं पहिलं लढाऊ उड्डाण झालं २३ जून १९४१ ला, सोव्हिएत संघावरच्या आक्रमणाच्या दुसऱ्या दिवशी. ही तारीख प्रकरणाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ऑगस्ट १९४० मध्ये ब्रिटनवर स्टुकाची इतकी विमानं पडली होती की तिथून तिला माघारी घ्यावं लागलं. वेग कमी, आकार अवजड. समोर चांगली लढाऊ विमानं आली की हे विमान टिपायला सोपं. पूर्वेकडे मात्र पहिल्याच दिवसांत सोव्हिएत हवाईदलाची शेकडो विमानं जमिनीवरच नष्ट झाली आणि आकाश मोकळं झालं. रूडेलची सगळी कारकीर्द या पूर्वेच्या आकाशात घडली.

क्रॉनश्टाट, २३ सप्टेंबर १९४१

स्टुका म्हणजे युंकर्स यू ८७. विहिरीच्या काठावरून सूर मारणारा पोरगा जसा डोकं खाली घालून सरळ पाण्याकडे जातो, तसं हे विमान जवळजवळ उभं खाली येतं. पंखांखालच्या ब्रेकच्या पट्ट्या वेग आवाक्यात ठेवतात. वैमानिक नाकाच्या रेषेत लक्ष्य धरतो, ठरलेल्या उंचीला बॉम्ब सोडतो आणि मग विमान सावरतं. त्या सावरण्याच्या क्षणी शरीराचं वजन कित्येक पटींनी वाढल्यासारखं होतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आडव्या उड्डाणातून बॉम्ब टाकण्यापेक्षा हे कितीतरी अचूक, म्हणूनच जहाजासारख्या लक्ष्यासाठी स्टुकाच हवी होती.

सप्टेंबर १९४१ मध्ये लेनिनग्राडजवळच्या क्रॉनश्टाट बंदरात 'मरात' ही सोव्हिएत युद्धनौका उभी होती. तिच्या ३०५ मिलिमीटरच्या बारा तोफा शहराकडे सरकणाऱ्या जर्मन सैन्यावर मारा करत होत्या. २३ सप्टेंबरला रूडेलने १००० किलोचा बॉम्ब घेऊन तिच्यावर सूर मारला. बंदराभोवती विमानविरोधी तोफांचं दाट जाळं होतं. बॉम्ब लागला, पुढचं दारूगोळ्याचं कोठार पेटलं आणि जहाजाचा पुढचा भाग फुटून वेगळा झाला. ३२६ माणसं मेली. त्याच दिवशी 'किरोव' या क्रूझरवरच्या हल्ल्यात रूडेलचा गटप्रमुख एर्न्स्ट-झीगफ्रीड श्टेन मारला गेला. त्याच्या विमानात मागे बसलेला अल्फ्रेड शार्नोव्हस्की हा एरवी रूडेलचा मशीनगनवाला, तोही गेला.

'युद्धनौका बुडवली' ही नोंद रूडेलच्या नावावर इथे लागली. नोंद खोटी नाही, पण 'बुडवली' हा शब्द जरा थांबून वाचावा लागतो. बंदरातलं पाणी अकराएक मीटर खोल होतं. 'मरात' तळाला टेकली आणि तिचं धड पाण्यावरच राहिलं. महिनाभरात मागचे तोफमनोरे पुन्हा चालू झाले, नंतर दुसरा मनोराही. १९४३ मध्ये तिला तिचं जुनं 'पेत्रोपावलोव्स्क' हे नाव परत दिलं गेलं, आणि वेढा उठेपर्यंत ती तळाला टेकलेल्या अवस्थेत तोफा डागत राहिली.

आता हा वेढा कशाचा होता तेही सांगायला हवं, कारण पराक्रमाच्या गोष्टींत ही युद्धनौका बरेचदा नकाशाशिवाय उभी असते. ८ सप्टेंबर १९४१ ला जर्मन सैन्याने लेनिनग्राडचा जमिनीवरचा शेवटचा रस्ता तोडला. शहर ताब्यात घेण्याऐवजी त्याला उपाशी मारायचं, हे धोरण होतं. नोव्हेंबरच्या अखेरीस लहान मुलं, म्हातारी माणसं आणि नोकरी नसलेले यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, तोही भेसळीचा. वेढा २७ जानेवारी १९४४ ला पूर्ण उठला तोवर लाखो नागरिक भुकेने आणि थंडीने मेले होते. 'मरात'च्या तोफा या शहराच्या बचावासाठी होत्या. बॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकाने शहर उपाशी मारायचा हुकूम काढला नव्हता, हे मला मान्य आहे. पण त्याच्या बॉम्बचं काम त्या हुकुमाला मदत करण्याचंच होतं.

दोन तोफा, चोवीस गोळे

६ जानेवारी १९४२ ला त्याला नाइट्स क्रॉस हे जर्मन शौर्यपदक मिळालं. फेब्रुवारी १९४३ मध्ये हजारावं उड्डाण झालं. तोवर पूर्वेचं युद्ध पालटलं होतं. स्टालिनग्राड हातचं गेलं होतं आणि सोव्हिएत रणगाडे हजारोंनी येत होते. धावत्या रणगाड्यावर बॉम्ब नेमका पडणं अवघड, म्हणून स्टुकाच्या प्रत्येक पंखाखाली ३७ मिलिमीटरची एकेक तोफ लावायचा प्रयोग सुरू झाला. विमानविरोधी तोफच ती, विमानासाठी बदललेली. गोळ्याच्या पोटात टंगस्टन कार्बाइडचा कठीण गाभा. या विमानाला यू ८७ जी म्हणत आणि प्रयोगात रूडेल सुरुवातीपासून होता. काळ्या समुद्राजवळच्या कुबान भागात त्याने हीच तोफ छोट्या लष्करी होड्यांवर वापरली. अशा ७० होड्यांचं श्रेय त्याच्या नावावर आहे.

या विमानातून हल्ला कसा होई ते जवळून पाहण्यासारखं आहे, कारण रूडेलचं खरं कौशल्य इथे दिसतं. रणगाड्याचं चिलखत पुढे सर्वांत जाड असतं, मागे आणि वर पातळ. मागच्या भागात इंजिन, वर हवा जाण्याची जाळी, आजूबाजूला इंधन. म्हणून मागून यायचं, खाली उतरत यायचं आणि शे-दीडशे मीटरवर पोचेपर्यंत बोट आवरायचं. प्रत्येक तोफेत गोळे फक्त बारा, दोन्ही मिळून चोवीस. चाप दाबला की दोन्हीकडून एकेक गोळा सुटतो, म्हणजे बारा संधी. तोफांच्या वजनाने विमान आणखी जड झालेलं, वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास. तोफा लावताना सूर मारायचे ब्रेकही काढलेले. खालून प्रत्येक सैनिक हातात असेल ते हत्यार वर रोखून चालवतो आहे. म्हणून बॉम्बवाल्या काही स्टुका सोबत नेत आणि त्या विमानविरोधी तोफांना गुंतवून ठेवत. संधी मिळाली की तोफवाला खाली जाई, गोळे झाडून रणगाड्याच्या डोक्यावरून निघून जाई. कधी रणगाडा फुटला तर त्याच्याच स्फोटातून बाहेर पडावं लागे.

हे सगळ्यांना जमत नव्हतं. शिकाऊ असताना ज्याला मंद म्हणून बाजूला काढलं होतं, त्याला दोन वर्षांत शेकडो उड्डाणं करून हात बसला होता. जन्मजात गुणापेक्षा घोटून घोटून आलेलं हे कसब आहे. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेच्या ए-१० या रणगाडाविरोधी विमानाच्या आखणीत सहभागी असलेल्या पिअर स्प्रे यांनी रूडेलच्या आठवणींचा अभ्यास केला होता, तो याच कसबासाठी.

५१९ कसे मोजायचे?

जर्मन नोंदींप्रमाणे रूडेलने ५१९ रणगाडे नष्ट केले. कुर्स्कच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, ५ जुलै १९४३ ला, बारा. लोक हे आकडे जमाखर्चाच्या वहीतल्यासारखे वाचतात. माझ्या मते ते दाव्यांचे आकडे आहेत आणि दावा म्हणूनच वाचायला हवेत. रूडेल खोटं बोलत होता असं म्हणण्याची गरज नाही. अडचण हवेतून मोजण्यातच आहे.

ज्याच्या हाती दोन-तीन सेकंद आहेत आणि ज्याच्यावर खालून गोळ्या येताहेत, त्याला दिसतो तो धूर, ज्वाळा आणि थांबलेला रणगाडा. धूर इंजिनाचा असू शकतो, बाहेर बांधलेल्या इंधनाच्या पिंपाचा असू शकतो. तोच रणगाडा आधी जमिनीवरच्या तोफेने थांबवलेला असू शकतो किंवा दोन वैमानिकांनी आपापल्या नावावर लावलेला असू शकतो. सोव्हिएत सैन्याकडे मोडलेले रणगाडे रात्रीतून ओढून नेणाऱ्या आणि दुरुस्त करून परत पाठवणाऱ्या तुकड्या होत्या. रणांगण शेवटी ज्याच्या ताब्यात राहतं त्यालाच सांगाडे मोजता येतात, आणि १९४३ च्या उन्हाळ्यानंतर ते बहुतेक वेळा जर्मनांच्या ताब्यात राहिलं नाही.

दावा आणि मोजणी यांत किती अंतर पडतं याचं चांगलं तपासलेलं उदाहरण पश्चिमेकडचं आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये फ्रान्समधल्या मोर्ताँजवळ ब्रिटिश आणि अमेरिकन वैमानिकांनी मिळून दीडशेहून जास्त जर्मन रणगाडे नष्ट केल्याचं सांगितलं. नंतर ब्रिटिश तपासणी पथक मैदानात फिरलं. त्यांना रणगाडे आणि चालत्या तोफा मिळून ४६ सांगाडे सापडले आणि त्यांतले फक्त ९ हवाई हल्ल्याने गेलेले निघाले. हे वैमानिक लबाड नव्हते, ते वरून पाहत होते. रूडेलच्या विमानाची पद्धत मोर्ताँला वापरलेल्या रॉकेटपेक्षा अचूक होती, तेव्हा त्याच्या आकड्याला हेच प्रमाण सरळ लावता येणार नाही. पण ५१९ ला शेवटच्या अंकापर्यंत खरं मानण्याचंही कारण नाही.

समजा, ५१९ पूर्ण खरे धरले. सोव्हिएत संघाने त्या युद्धात सुमारे ९६,५०० रणगाडे आणि चालत्या तोफा गमावल्या. त्यांतला रूडेलचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. १९४३ मध्ये सोव्हिएत कारखान्यांतून सुमारे २४,००० रणगाडे आणि चालत्या तोफा बाहेर पडल्या. हिशेब मांडला तर ५१९ म्हणजे त्या कारखान्यांचं आठ दिवसांचं काम. जगातल्या सर्वांत अनुभवी वैमानिकाने दोन वर्षं जीव धोक्यात घालून केलेलं काम चेल्याबिन्स्क आणि निझनी तागीलसारख्या शहरांतल्या कामगारांनी, ज्यांत बायका आणि किशोरवयीन मुलं मोठ्या संख्येने होती, आठ दिवसांत भरून काढलं असतं. मला तरी या प्रकरणातला सर्वांत बोलका हिशेब हाच वाटतो.

दुसरी गोष्ट मात्र कोणत्याही हिशेबात भरून येत नाही. टी-३४ रणगाड्यात चार माणसं बसत, नंतरच्या मोठ्या तोफेच्या नमुन्यात पाच. पेटलेल्या रणगाड्याच्या झाकणातून किती बाहेर पडली, हे कुठल्याच वैमानिकाच्या नोंदवहीत नसतं.

इतकी उड्डाणं का?

२५३० हा आकडा ५१९ पेक्षा पुष्कळ भक्कम आहे, कारण उड्डाणांची नोंद तळावर होते. जून १९४१ पासून मे १९४५ पर्यंतचे दिवस मोजले तर चौदाशेच्या थोडे वर. म्हणजे सुट्टी, आजारपण, पदक घ्यायला जाणं, हॉस्पिटल, सगळं धरूनही रोजची सरासरी पावणेदोनवर जाते. तळ आघाडीजवळ असायचे, फेरी तासाभराची, आणि धुमश्चक्रीच्या दिवसांत एका दिवसात अनेक फेऱ्या व्हायच्या.

व्यक्तीची जिद्द यात आहेच. पण त्याहून मोठं कारण व्यवस्थेचं आहे. ब्रिटिश बॉम्बर दलात ३० मोहिमा झाल्या की वैमानिकाची पाळी संपे, त्याला विश्रांती मिळे आणि बरेचदा तो नव्या मुलांना शिकवायला जाई. अमेरिकनांकडेही अशीच ठरलेली संख्या होती. जर्मन वैमानिकाला अशी मर्यादा नव्हती. मरेपर्यंत, कैद होईपर्यंत किंवा निकामी होईपर्यंत त्याने उडायचं. त्यामुळे जे थोडे जगले त्यांचे आकडे अफाट झाले आणि जे गेले त्यांचा अनुभव त्यांच्यासोबत गेला. नव्या वैमानिकांचं प्रशिक्षण इंधनाअभावी आखडत गेलं आणि ती पोरं पहिल्या काही फेऱ्यांतच मरू लागली. रूडेलच्या २५३० कडे बघताना त्याच्याभोवतीच्या रिकाम्या झालेल्या जागाही मोजायला हव्यात.

त्यांतली एक जागा एर्विन हेंचेलची.

स्टुकात वैमानिकाच्या पाठीला पाठ लावून मशीनगनवाला बसतो. त्याला फक्त मागचं दिसतं. हेंचेल रूडेलच्या मागे अडीच वर्षं बसला, चौदाशेच्या आसपास उड्डाणं केली आणि डिसेंबर १९४३ मध्ये त्यालाही नाइट्स क्रॉस मिळाला. २० मार्च १९४४ ला द्नीस्तर नदीवरच्या एका पुलावर हल्ला करून परतताना सोबतचं एक विमान शत्रूच्या हद्दीत उतरलं. त्यातल्या दोघांना उचलायला रूडेलने आपलं विमान शेजारी उतरवलं. अशी सुटका त्याने आधी केली होती. सगळ्या युद्धात मिळून सहा वैमानिकांना त्याने असं वाचवल्याची नोंद आहे. या वेळी जमीन वितळलेल्या बर्फाने भिजलेली होती. चाकं चिखलात रुतली. समोरून सोव्हिएत सैनिक येताना दिसले, तेव्हा चौघे नदीकडे धावले.

मार्चमधली द्नीस्तर, बर्फाचे तुकडे वाहताहेत, पात्र अर्धा किलोमीटरच्या वर रुंद. चौघांनी जाड कपडे, बूट काढले आणि पाण्यात उड्या टाकल्या. रूडेल, रोज पळणारा, पोहणारा, पलीकडे पोचला. ते दोघेही पोचले. हेंचेल पोचला नाही. काठ जवळ आला असताना तो बुडाला. रूडेल पुन्हा पाण्यात शिरला, पण तो हाती लागला नाही. थोड्याच वेळात सोव्हिएत सैनिकांनी तिघांना गाठलं. दोघे कैद झाले. रूडेल खांद्यात गोळी घेऊन निसटला आणि अनवाणी, अंगावर जेमतेम कपडे, अशा अवस्थेत आपल्या सैन्यापर्यंत चालत आला. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं आपण म्हणतो ते त्याच्याबाबत कित्येकदा खरं ठरलं. नऊ दिवसांनी, २९ मार्चला, त्याच्या पदकाला हिरे जोडले गेले.

हा प्रसंग वाचताना माझं मन हेंचेलपाशीच अडतं. सोबत्यासाठी शत्रूच्या हद्दीत विमान उतरवणं ही खरी निष्ठा आहे, तिला मी कमी लेखणार नाही.

पदकाची शिडी

नाइट्स क्रॉस ही शिडीसारखी रचना होती. क्रॉस, त्यावर ओकची पानं, मग तलवारी, मग हिरे. वर जाण्यासारखं काही उरलं नाही की नवी पायरी बसवायची. हिऱ्यांपर्यंत सगळ्या सैन्यात मिळून २७ जण पोचले. डिसेंबर १९४४ मध्ये हिटलरने सोन्याच्या ओकपानांची आणखी एक पायरी काढली. ती जास्तीत जास्त बाराजणांना द्यायची असं ठरलं. मिळाली एकालाच. १ जानेवारी १९४५ ला हिटलरने ती रूडेलच्या गळ्यात घातली आणि अठ्ठाविसाव्या वर्षी तो कर्नल झाला.

तारीख पाहा. आर्देनमधला जर्मन हल्ला फसला होता, बुडापेस्ट वेढलेलं होतं आणि अकरा दिवसांनंतर व्हिस्तुला नदीवरून सोव्हिएत सैन्य सुटणार होतं. या घडीला राजवटीकडे लोकांना दाखवण्यासारखा विजय एकही नव्हता, म्हणून माणूस दाखवायचा होता. दारू न पिणारा, थकत न जाणारा, शेवटपर्यंत लढणारा. वार्तापटांत रूडेल झळकत होताच. त्याच्या स्वतःच्या आठवणींनुसार, उडणं थांबवायची सक्ती नसेल तरच सन्मान स्वीकारीन, असं त्याने हिटलरला सांगितलं. हा बाणेदारपणा म्हणून सांगितला जातो. मला त्यात बंड दिसत नाही. हरलेलं युद्ध लांबवू पाहणाऱ्या राजवटीला नेमका हाच हट्ट हवा होता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ओडर नदीकाठी लेबूसजवळ विमानविरोधी गोळा त्याच्या उजव्या पायात लागला. विमान कसंबसं खाली आलं. मागे बसलेला एर्न्स्ट गाडेरमान हा मुळात तुकडीचा डॉक्टर. तो आठशेहून जास्त उड्डाणं मशीनगनवाला म्हणून करत आला होता. त्याने रूडेलला अवशेषांतून ओढून काढलं आणि रक्तस्राव थांबवला, म्हणून तो जगला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दीड-दोन महिन्यांत, जखम पुरती भरलेली नसतानाच, रूडेल पुन्हा उडू लागला. ८ मे १९४५ ला तो बोहेमियातून उरलीसुरली विमानं घेऊन बव्हेरियातल्या किट्सिंगेनला अमेरिकनांकडे गेला. उतरताना वैमानिकांनी मुद्दाम चाकं मोडली, विमानं शत्रूच्या कामी येऊ नयेत म्हणून. सोव्हिएतांच्या हाती लागू नये याची त्याने पूर्ण काळजी घेतली होती.

युद्ध संपल्यावर

इथवर कोणी म्हणू शकेल की सैनिक होता, हुकूम पाळला, राजकारणाशी त्याला काय देणंघेणं. पुष्कळ जर्मन सैनिकांबद्दल हा प्रश्न उघडा राहतो, कारण युद्धानंतर ते गप्प राहिले, बदलले किंवा साधे संसारी झाले. रूडेलने स्वतःच तो उघडा ठेवला नाही.

१९४८ मध्ये तो इटलीमार्गे, बनावट नावाच्या कागदपत्रांवर अर्जेंटिनाला गेला. राष्ट्राध्यक्ष हुआन पेरॉन यांच्याशी त्याचे चांगले संबंध जुळले आणि कोर्दोबाच्या सरकारी विमान कारखान्यात काम मिळालं. तिथे त्याने पळून आलेल्या आणि तुरुंगात असलेल्या नाझींना मदत करणारी 'कामेराडेनवेर्क' ही संघटना उभी केली. कायदेशीर मदत, पैसा, ओळखी. ज्यांना या ओळखींचा फायदा झाला त्यांत योसेफ मेंगेले होता, आउश्वित्झमध्ये कैद्यांवर प्रयोग करणारा आणि गॅसकडे कोणाला धाडायचं ते निवडणारा डॉक्टर. १९६० मध्ये ज्यूंच्या संहाराची आखणी राबवणारा नाझी अधिकारी आइकमान पकडला गेल्यावर मेंगेले ब्राझीलला गेला, तो रूडेलने जोडून दिलेल्या माणसाच्या आधाराने. १९७९ मध्ये समुद्रात पोहताना मरेपर्यंत त्याला कोणी पकडलं नाही.

१९५३ मध्ये रूडेल पश्चिम जर्मनीच्या निवडणुकीत अतिउजव्या 'डॉइचं राइखस्पार्टाय'चा प्रमुख उमेदवार होता. पक्षाला एक टक्क्याच्या आसपास मतं पडली. पुढे पॅराग्वेचा स्त्रोसनर, चिलीचा पिनोशे अशा हुकूमशहांशी त्याचं येणंजाणं राहिलं. एका पायाने त्याने अँडीजमधली उंच शिखरं चढली, त्यांत अकोंकाग्वाही होतं. शरीराची जिद्द शेवटपर्यंत तीच होती, विचारही तेच. हिटलरच्या राजवटीबद्दल त्याने पश्चात्ताप व्यक्त केला नाही. 'मी केवळ सैनिक होतो' असं त्याच्या वतीने म्हणणाऱ्यांना तो स्वतःच खोटं पाडत राहिला. म्हणून मी त्याला आदरार्थी बहुवचन देत नाही.

नव्या जर्मन सैन्याला हा प्रश्न टाळता आला नाही. ऑक्टोबर १९७६ मध्ये ब्रेमगार्टेनच्या हवाईतळावर 'इमेलमान' या रूडेलच्या युद्धकाळातल्या दलाच्या जुन्या सैनिकांचा मेळावा झाला. सुरुवातीच्या विरोधानंतर परवानगी मिळाली आणि रूडेल आला. त्याने भाषण केलं नाही, सह्या दिल्या. वाद पेटला तो नंतर. वाल्टर क्रुपिन्स्की आणि कार्ल-हाइन्झ फ्रँके हे दोन हवाईदलाचे जनरल पत्रकारांशी बोलताना म्हणाले की एकेकाळचा कम्युनिस्ट हर्बर्ट वेहनर संसदेत बसू शकतो, तर रूडेल तळावर का येऊ शकत नाही. क्रुपिन्स्की स्वतः १९७ विमानं पाडल्याची नोंद असलेला युद्धातला नामांकित वैमानिक. वेहनर तरुणपणीच्या विचारांपासून कधीच दूर गेला होता आणि लोकशाही पक्षात त्याने उभं आयुष्य घालवलं होतं. रूडेल दूर गेला नव्हता. या फरकाकडे दोघांनी पाठ फिरवली. संरक्षणमंत्री गेओर्ग लेबर यांनी दोघांनाही मुदतीआधी निवृत्त केलं.

तरी दोन वर्षांनी, १९७८ च्या विश्वचषकात, अर्जेंटिनातल्या आस्कोचिंगा इथे उतरलेल्या पश्चिम जर्मन फुटबॉल संघाला भेटायला रूडेल गेला, आणि फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षांनी या भेटीची बाजू घेतली. देशात पुन्हा गदारोळ झाला.

१८ डिसेंबर १९८२ ला रोझेनहाइममध्ये तो वारला. चार दिवसांनी डॉर्नहाउझेन या बव्हेरियातल्या गावात दफन झालं. कबरीपाशी जमलेल्यांपैकी काहींनी हात पुढे ताठ करून नाझी सलाम केला. त्याचे फोटो निघाले आणि चौकशी झाली, कारण जर्मनीत तो गुन्हा आहे. त्याच वेळी वरून पश्चिम जर्मन हवाईदलाची दोन फँटम विमानं गेली. त्यांनी मानवंदना दिली असं गावात अनेकांना वाटलं. गाव रोजच्या लष्करी उड्डाणमार्गात येतं. संरक्षणमंत्री मान्फ्रेड व्योर्नर यांनी ते नेहमीचं सराव उड्डाण असल्याचं जाहीर केलं.